कोठार दिसेना

ओनुफ्रीने पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली. बाजार करून आपल्या गावी, झोरिव्काला परतायचा हा रस्ता त्याच्या जन्माच्या सवयीचा. या सपाट मुलखात वाट शोधावी लागतच नसे. बापाच्या वेळचं गव्हाचं उंच लाल लाकडी कोठार पाच कोसांवरून दिसायचं, त्याच्या रोखाने गाडी सोडली की घर यायचं. आज समोर नुसतं आभाळ होतं आणि खाली कापलेल्या गव्हाचे खुंट. आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी ती घरची वाट विसरली, मग त्याचं नाव.

मागून शेजारची लेस्या आली. त्याला बघून तिने गाडी थांबवली आणि चालत त्याच्या खिडकीशी आली.

"काय काका, उंदरं मोजताय का शेतातली?"

"लेस्या, खरं सांग पोरी. मी कुठे आलोय?"

"घराच्या तोंडाशी. ते काय, तुमचं छप्पर दिसतंय."

"मग कोठार कुठाय?"

"पाडलं की ते."

ओनुफ्रीच्या जिवात जीव आला. तो हसायलाच लागला. डोळे पुसत म्हणाला, "मेल्यांनो, मला एका शब्दाने सांगायचं नाही? मला वाटलं, माझंच डोकं फिरलं."

लेस्या हसली नाही. तिने खिडकीतून हात घालून हळूच गाडीची किल्ली काढून घेतली.

"काका, कालच पाडलं. ते कोसळताना तुम्ही माझाच हात धरून उभे होतात."