गादीवाल्यांची टीम

"तांबडे-पांढरे पट्टेच पायजेत. दुसरं कापड नको," हंबीरराव म्हणाला. वडूजचा निवृत्त सुभेदार. शब्द मोजून बोलणारा.

चांदसाहेब नदाफानं मान वर केली. इस्लामपुरात हातानं गादी शिवणारा तो एकटाच उरला होता, आणि तोही सोमवारपर्यंतच. सोमवारी कापूस पिंजायचं मशीन भंगारवाला नेणार होता.

"एवढ्यासाठी वडूजवरनं आलाय व्हय, सुभेदार?"

"तिकडं नुसता फोम मिळतोय." हंबीरराव पायरीवर, जरा लांबच टेकला. "माझा साईराज स्पेनच्या एका फुटबॉल टीमचा लय येडा. त्यांच्या अंगातल्या शर्टावर असलेच पट्टे, गादीच्या खोळीगत. म्हणून लोक त्यास्नी कोल्चोनेरो म्हनाय लागले. म्हंजे गादीवाले."

"चिडवायला?"

"आधी चिडवायला. आता हजारो माणूस तेच नाव घेऊन नाचतंय."

चांदसाहेबाच्या हातातली सुई थांबली. जन्मभर 'ए पिंजाऱ्या' ऐकत आलेला जीव तो. असल्या नावावर कुणी नाचतं? उरात सावरीच्या कापसागत काहीतरी फुललं.

"लगीन काढलं म्हणा की पोराचं!"

हंबीरराव रस्त्याकडं बघत राहिला. "गादी, उशी, चादर. सगळं कोरं. कापूस चांगला घाला, चाचा. कसर नको."

चहा पुढं केला, तर त्यानं नुसते हात जोडले. चांदसाहेबाला जरा लागलंच ते.

"अब्बा, एका गादीनं दुकान तरतंय व्हय?" तो गेल्यावर अब्बाचा खुललेला चेहरा बघून लेक महेजबीन म्हणाली.

"एक कशी गं? पोराचे दोस्त असतील की, त्यास्नीबी असलीच गादी पायजे. अकरा तर नुसते खेळणारेच!"

चांदसाहेबानं भंगारवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मग कापूस पिंजला, तो ढगासारखा. टाके घातले, ते मुंग्यांच्या वाटेसारखे. चौथ्या दिवशी गादी तयार झाली, तेव्हा स्वतःच कितीदा तरी लांब जाऊन ती बघून आला.

रविवारी हंबीरराव आला. एकटाच.

"पोरगं कुटं हाय?" चांदसाहेब हसत म्हणाला. "निजवून बघितल्याबिगर मी गादी देत न्हाई. पाठ टेकली की कळतंय, कापूस कुटं कमी पडला ते. बोलवा त्याला. मलाबी बघू द्या, गादीवाल्यांचा येडा कसा असतोय ते!"

हंबीररावानं गादीची गुंडाळी छातीशी धरली.

"साईराजचं उद्या तेरावं, चाचा. शय्यादानाची गादी हाय ही."