झोपलेली नोंद

"म्हातारबुवांना फोन लावलास का?" शेजारच्या टेबलावरून सहकाऱ्याने विचारलं. "उद्या त्यांची मुदत संपतेय."

"लावते," छोटी म्हणाली, आणि चहा घ्यायला उठली.

छोटी हे तिचं घरातलं नाव. तिला चाळिशीचा चष्मा लागला तरी थोरल्या भावाने ते सोडलं नव्हतं, आणि त्याने एकदा ऑफिसात फोन केल्यापासून इथेही तेच चालू झालं होतं. या ऑफिसात डॉक्टर, नर्स, दवाखाने अशा सगळ्यांची निर्देशिका संगणकावर सांभाळली जायची. पूर्वी प्रत्येक हॉस्पिटल आपली यादी आपल्या मनासारखी ठेवायचं, एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. आता सगळ्यांना एकच साचा. इथे एक ओळ बदलली की विमा कंपनीपासून लोकांच्या मोबाईलपर्यंत सगळीकडे ती आपोआप बदलायची.

साचा मोठा कडक. दर तिमाहीला डॉक्टरने 'मी आहे, इथेच आहे' असं कळवायचं. नाही कळवलं की त्याची नोंद झोपायची. झोपलेला दवाखाना लोकांना दिसायचा नाही, विमा कंपनी त्याचं काम मंजूर करायची नाही, आणि पेशंटला जवळचा दुसरा दवाखाना दाखवला जायचा. विसरभोळ्यांना आधी फोन करून जागं करायचं, हे मात्र कुठल्याच नियमात नव्हतं. ती या ऑफिसाची आपली सवय. म्हातारबुवा हे असेच एक वयस्कर दंतवैद्य, मोबाईलवरचे निरोप कधीच न वाचणारे. त्यांना दर वेळी छोटीच फोन करायची. ऑफिसात तिला म्हातारबुवांचा गजर म्हणत.

या खेपेला गजर वाजणार नव्हता. म्हातारबुवांच्या दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, छोटीच्या दादाचा दवाखाना होता. तोही दातांचाच.

दादाने तिच्या शिक्षणापायी स्वतःचं पुढचं शिक्षण सोडलं होतं. हात इतका हलका, की दाढ निघाल्याचं पेशंटला सांगावं लागायचं. अशा माणसाच्या दवाखान्यातल्या खुर्च्या गेलं वर्षभर रिकाम्या होत्या. छोटी दर शनिवारी तिथे जायची आणि तिचा जीव तुटायचा. दादाने गाडी विकून टाकली होती. रस्त्यात ओळखीचं कुणी समोर आलं तरी तो सरळ पुढे निघून जायचा. लोकांच्या नजरा चुकवतोय बिचारा, असं तिला वाटायचं. गेल्या शनिवारी तिला पाणी देताना त्याने पेला भरून वाहिला तरी ओतणं थांबवलं नाही.

"लक्ष कुठंय दादा?"

"तुझ्याकडेच. जिन्यापासून 'दादा, दादा' ओरडत येतेस, दुसरीकडे जाईल कसं?"

त्याच दिवशी तिने खिडकीतून पाहिलं. दादाच्या दारातून बाहेर पडलेली एक बाई पोराचा हात धरून रस्ता ओलांडून गेली आणि थेट म्हातारबुवांच्या दारात शिरली.

"पाहिलंस वहिनी? आलेला पेशंट पळवतात."

वहिनी दवाखान्याचं बाहेरचं सगळं बघायची. ती डब्यात कापूस भरत होती. "जाऊ दे गं. चांगले आहेत ते."

"ते चांगले, आणि तुम्ही बसा माश्या मारत."

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

तर छोटीने फोन केला नाही. वाईट करायचं तर निदान हात तरी हलवावा लागतो, तिने तेवढेही कष्ट घेतले नव्हते. म्हातारबुवांची नोंद नियमाप्रमाणे झोपली. सहकाऱ्याने विचारलं तेव्हा "उचलला नाही" म्हणाली. त्या रात्री तिचा डोळा लागला नाही वगैरे काही झालं नाही. चांगली गाढ झोपली.

शनिवारी ती दादाकडे पोचली तर पेशंट जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत बसलेले. कुणी गाल धरलेला, कुणी रुमाल. छोटीला भरून आलं. आत काम चालू असेल म्हणून आज हाक न मारता ती हळूच वर गेली.

वहिनीचा चेहरा पार उतरला होता.

"समोर कुणी नाही गं," ती कुजबुजली. "त्यांचं नाव कुठल्याशा यादीतून गेलं म्हणे. विम्याचं काम बंद झालं, तसे दार लावून मुलीकडे निघून गेले. आता एवढ्या लोकांना मी कुठे पाठवू?"

"पाठवायचं कशाला? बसू देत की."

"हेच पाठवायचे सगळ्यांना समोर. वर्ष झालं. आज त्या कोपऱ्यातल्या बाईंना कळ सोसवेना, तेव्हा हे म्हणाले, पाठव आत, बघतो मी."

छोटीला काही कळेना. "दादाच पाठवायचा? का?"

वहिनीने नुसती आतल्या दाराकडे मान वळवली. छोटी त्या बाईंच्या आधी आत शिरली.

खुर्चीवरचा मोठा दिवा लख्ख लागला होता. दादा पांढऱ्या कोटात खुर्चीला टेकून उभा होता. हातात औषध भरलेली सुई होती. छोटी त्याच्यासमोर हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली. दिव्याचा सगळा उजेड तिच्या तोंडावर पडला. न विचारता आत आलीस म्हणून आता रागावेल, असं तिला वाटलं.

दादाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखा हसला.

"या बाई, बसा," तो म्हणाला. "कोणती दाढ दुखतेय?"