डावखुरा राजा

इरम्मा जन्माची डावखुरी. तिनं डाव्या हातानं भाकरी वाढली की सासू, शांताक्का, ताट मागं सारायच्या, "रीत म्हंजे रीत!" इरम्माचं उत्तरही ठरलेलं, "ल्हानपणी तेरच्या जत्रंत, तंबूतल्या सिनेमात म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. राजा डाव्या हातानं तलवार चालवतो. त्याला न्हाय कुणी रीत शिकवत!"

यंदा तोच जुना मूकपट, तुटकी रिळं जोडून, जत्रंत पुन्हा आला. इरम्मा हट्टानं सासूला घेऊन गेली आणि पार पुढं जाऊन बसली. राजानं तलवार उपसली, ती उजव्या हातानं! शांताक्का पदराआड खुसुखुसु हसल्या.

इरम्मा तणतणत तंबूवाल्याकडं गेली, "रिळं जोडताना राजाचा हात बदललात व्हय?"

"न्हाय ओ अक्का," तो म्हणाला, "तवा आमी बायांना पडद्याच्या मागं बसवायचो. मागनं डावं-उजवं उलटं दिसतं."



इरम्मा परत आली, डाव्या हातानं सासूला उठवत म्हणाली, "चला आत्याबाई, मागं बसू. रीत म्हंजे रीत!"