यांगोनाच्या बैठकीतल्या टाळ्या

लेबनॉनमध्ये शांतिसेनेत लढून परतल्यापासून सायरुसीला टाळी म्हणजे गोळीच वाटायची. आणि फिजीत तर करवंटीतून यांगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं पेय, पिणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायच्याच! त्यामुळे गडी बैठकीतून उठून पार माडांपलीकडे पळायचा.

आज मात्र तो चटईवर ठाण मांडून बसला.

"पळालास तर माझ्या कोंबड्यासुद्धा हसतील, भाच्या!" मामाने टोमणा मारला.

सायरुसीने करवंटी घटाघटा संपवली. टाळ्या कडाडल्या. पठ्ठ्या जागचा हलला नाही! बैठकीत एकच जल्लोष झाला.

त्या नादात वाढप्याने पुढली करवंटी सायरुसीशेजारच्या मोकळ्या जागेपुढे धरली. ती भरलेली करवंटी बघताबघता कोरडी झाली, आणि तिथून सावकाश टाळ्या ऐकू आल्या.

सगळे गोठले. सायरुसी मात्र खदखदून हसला. "मामा, हा माझ्या तुकडीतला व्हिली. लेबनॉनमध्ये गोळी लागून माझ्याच मांडीवर गेला. बघ, आता तोही दचकत नाही!"