एक चमचा ब्राह्मी

सुनेने कागद टेबलावर ठेवला तेव्हा वैद्यबुवा चूर्णाच्या पुड्या बांधत होते. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. सून एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. सासऱ्यांच्या ब्राह्मीचं चिमूटभर चूर्ण तिने आपणहून तपासायला नेलं होतं. त्यात शिसं निघालं. चालतं त्याच्या सहापट.

ते म्हणाले, पानं मी स्वतः खुडतो, सात पाण्यांनी धुतो. सून म्हणाली, शिसं पानावर नाही, पानात आहे. ब्राह्मी ओढ्याकाठी वाढते आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडतात. ते उठून खिडकीशी गेले, परत येऊन बसले, पुन्हा उठले.

"तुझ्या मशीनला ब्राह्मीतलं काय कळतं?"

"ब्राह्मीतलं काहीच नाही, बाबा. त्याला फक्त शिसं कळतं."

शिशाने काय होतं ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. पोटात कळा येतात, रक्त कमी होतं, डोकं चालेनासं होतं. त्यांची नजर बाहेरच्या बाकाकडे गेली. टेलरबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. सहा महिन्यांपूर्वी, गिऱ्हाइकांची मापं लक्षात राहत नाहीत म्हणून ती आली, तेव्हा त्यांनी पाव चमचा ब्राह्मी सुरू केली होती. गुण येईना, म्हणून अर्धा केला. मग पोट दुखायला लागलं, विसरणं वाढलं, तेव्हा पुरता एक चमचा.

मी बोलू का त्यांच्याशी, असं सुनेने हळूच विचारलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि बाईला आत बोलावलं.

बाई ओशाळलेली होती. पंधरा दिवस औषध घ्यायचंच राहून गेलं म्हणाली. विसरू नये म्हणून औषध, आणि औषधच विसरायचं, म्हणजे हसावं की रडावं! पोट मात्र आताशा गप्प आहे, हेही तिने सांगून टाकलं.

वैद्यबुवांना क्षणभर वाटलं, सुटलो. आता औषध बंद, एवढं म्हटलं तरी भागलं असतं. त्यांनी हातातली पुडी सोडली, पुन्हा बांधली, आणि बाजूला सारली.

"बाई, त्या चूर्णात शिसं होतं. विषच ते. मी तुम्हाला दिलं आणि वाढवत गेलो."

आधी बाईला थट्टाच वाटली. मग तिने सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"म्हणजे विसरले तेच बरं झालं म्हणायचं," ती पुटपुटली. पिशवीच्या बंदाला ती उगाच पीळ देत राहिली.

उरलेलं चूर्ण कुठे आहे, असं सुनेने विचारलं.

"घरी आहे. वाया कशाला घालवायचं, म्हणून धाकटीला देतेय. परीक्षा आहे ना तिची."

सुनेने फळीवरची बरणी खाली काढली आणि ज्यांना ज्यांना ब्राह्मी दिली होती त्यांना फोन लावायला घेतला. वैद्यबुवा एव्हाना दारात पोचले होते. एक पाय चपलेत, दुसरा उघडाच.

"किती दिवस देताय तिला?"

बाईने बोटं उघडली. आठ दिवस, म्हणाली. मग, नाही, त्याच्या आधीपासून. मग अंगठा पहिल्या पेरावर नेला आणि नव्याने सुरुवात केली.

"चला," वैद्यबुवा म्हणाले, आणि पायऱ्या उतरले.

रस्ता ओलांडतानाही ती बोटं मोजत होती.