कासवाचं वय

"नुसतं पुसायचं, खरवडायचं नाही," असं म्हणत अनुराधाने कासवाच्या पाठीवर ओलं फडकं फिरवलं. निपाणीजवळच्या या मळ्यात ती बेळगावहून कासवांची वयं काढायला आली होती. पाठीवरच्या प्रत्येक खवल्यात वर्षाला एक वळी वाढते. वळ्या मोजायच्या, फोटो घ्यायचा आणि जीव होता तिथं सोडायचा. चंपाबाईंच्या जैन घराने एवढ्याच अटीवर विहिरीत जाळी उतरवू दिली होती.

त्यांचा मुलगा नेमगोंडा शेजारी उभा होता. त्याचा जीव टांगणीला लागला होता.

सोळा वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ गोमटेश याच विहिरीत बुडाला. "कासव बघायला वाकला आणि गेला," असं दहा वर्षांच्या नेमगोंडाने सगळ्यांना सांगितलं होतं. कासवबिसव काही नव्हतं. भोवऱ्यावरून भांडण झालं आणि त्याने धक्का दिला होता. पुढे तीन वर्षांनी विहिरीतला गाळ काढला, तेव्हा पाटीतून खरोखरच कासव निघालं. आपलं खोटं जिवंत होऊन वर आलं, असंच नेमगोंडाला वाटलं. परत विहिरीत सोडलेल्या त्या कासवाचं डोकं पाण्यावर दिसलं की त्या दिवशी त्याला घास गिळवत नसे. तरी एक वेडी आशा होती. कासव तेव्हाही असेल तर? धक्का लागायच्या आधीच गोमटेशचा तोल गेला असेल तर?

"बारा," अनुराधा म्हणाली. "फार तर तेरा."

"सोळा नसंल?"

"नाही हो दादा. वळ्या स्पष्ट आहेत."

तिने कासव पाण्यात सोडलं आणि सामान आवरून ती गाडीकडे गेली.

चंपाबाई काठावर पाणी गाळत होत्या. फडक्यात अडकलेले बारीक जीव त्या रोज न चुकता त्याच विहिरीत परत सोडत. नेमगोंडाला आता राहवेना.

"आई, त्या दिवशी हिरीत कासव नव्हतं."

"ठाव हाय मला." त्यांनी फडकं हलकेच पाण्यावर उलटं केलं. "गाळ काढायच्या आदल्या दिवशी वेदगंगा नदीवरनं मीच आणून सोडलतं, एवढंसं पिल्लू. कासव न्हाय निघालं तर लोक तुला इचारतील म्हणून. एक लेक तर गेलताच रं."