गच्चीची किल्ली

मोबाइलवर चढत चाललेला सोलरच्या विजेचा आकडा पुन्हा धाडकन शून्यावर आला. सुनेनं जिन्याकडे पाहिलं. सासरे नुकतेच गच्चीवर गेले होते.

"बघितलंत? बाबा वर गेले की वीज गेलीच," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, ढग आला असेल."

"ढग काय रोज सकाळी बाबांची वाट बघत बसतो?"

टोमॅटो वाळवून पावडर करायचा हा घरातलाच छोटासा कारखाना तिनं हट्टानं उभा केला होता. गच्चीवर सोलरची पॅनेल बसली, तेव्हा सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. या काचांना जन्मात हात लावणार नाही, असं सगळ्यांदेखत म्हणाले होते. आता पुढच्या आठवड्यात मोठी ऑर्डर देणाऱ्या बाई माल बघायला यायच्या होत्या. ड्रायर तापला नाही, तर सगळंच बोंबलणार. तिला दोन घास गोड लागेनात. कारखान्याचा छतावरचा पंखा लाल भुकटी बाहेर फेकत दिवसभर घरघरायचा, तशीच तीही दिवसभर कुरकुरायची.

सासरे खाली आले. विजार गुडघ्यापर्यंत ओली. कुंड्यांना पाणी घालायचं निमित्त!

"बाबा, रोज वर काय करता?"

"ऊन खातो."

"आणि सोलरचा स्विच कोण बंद करतं?"

सासऱ्यांचे कान लाल झाले.

"किल्ली द्या गच्चीची."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "बरं. तुझं तू बघ."

त्यानंतर दिवसा आकडा एकदाही शून्यावर आला नाही. रोज कालच्यापेक्षा थोडा कमी भरायचा, पण चोर सापडल्याच्या आनंदात तिकडे कोण बघतंय?

बाई आल्या त्या दिवशी ऊन मी मी म्हणत होतं आणि ड्रायर मात्र कोमट. बाईंनी टोमॅटोची एक चकती चिमटीत दाबली. "ओली आहे हो अजून," म्हणाल्या, हात पुसले आणि निघून गेल्या.

तिला रडूच फुटलं. तिनं सोलरवाल्याला बोलावून घेतलं, गच्चीचं कुलूप काढलं. सगळ्या काचांवर लाल भुकटीचा थर बसला होता.

सोलरवाल्यानं काचेवरून बोट फिरवलं. "बाबा आजारी आहेत का?"

"नाही. का?"

"मग धुतलं का नाही त्यांनी? पाणी मारायच्या आधी स्विच बंद करायचा, हे मीच शिकवलं होतं त्यांना. सूनबाईला कळू देऊ नकोस म्हणाले होते, हसेल ती."